पुरं वाक्य

“पंखा त्यांच्याकडं फिरव ना नलू,” वहिनी ओरडलीच. “घामानं कसे निथळून राहिले, दिसत नाई का तुले?”

मी टेबलफॅनचं तोंड पलंगाकडं केलं. शालिकदादानं डोळे उघडले, माझ्याकडं पाहिलं आणि बुबुळं सावकाश खिडकीकडं नेली. तिथं टेबलावर, दोन विटांवर उभा केलेला त्याचा कॉम्प्युटर होता. एका बाजूचं पत्र्याचं झाकण काढलेलं, आतल्या तारा उघड्या पडलेल्या. मी पंखा परत तिकडं फिरवला.

“काय लावलं आहे तुम्ही बहीणभावानं!” वहिनीनं कपाळावर हात मारला.

बल्लारपूरचा मे महिना. सकाळी न्याहारी होते न होते तोच रस्ते ओस पडतात, आणि दुपारी घराच्या भिंतीला हात लावला तर चटका बसतो. त्यात त्या दिवशी पहाटेच लाइट गेली होती. कुठलासा ट्रान्सफॉर्मर जळाला होता म्हणे. खिडकीतला कूलर बंद पडलेला, त्याच्या गवताच्या जाळ्या वाळून पापडासारख्या झालेल्या. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर आणि एक टेबलफॅन एवढंच चालू शकत होतं.

शालिकदादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. याच खोलीत त्याचा धंदा होता. लग्नपत्रिका, गृहप्रवेशाची कार्डं, तेरवीची निमंत्रणं. अर्ध्या बल्लारपूरची लग्नं त्याच्या हातून जुळून गेली, असं तो गमतीनं म्हणायचा. शुद्धलेखनाचा भारी कडक. नवरदेवाच्या बापानं “आगमनाभिलाषी” चुकीचं लिहून आणलं की त्याला समोर बसवून दुरुस्त करून घ्यायचा. गिऱ्हाईक हसत जायचं आणि पुढच्या पोरीच्या लग्नाला त्याच्याचकडं यायचं.

मग एका पावसाळ्यात त्याच्या हातून चहाचा कप सुटला. पुढं पायरी चढताना पाय अडखळायला लागला. जीभ जड झाली. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, नसांचा आजार आहे, याला औषध नाही. एकेक अंग जाईल, डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहील. त्यांना ते दिलासा म्हणून सांगायचं होतं की काय, मला अजून कळलेलं नाही.

वाचा गेली तेव्हा नागपूरच्या एका संस्थेतल्या मुलांनी येऊन त्याच्याच कॉम्प्युटरवर एक सोय करून दिली. पडद्यावर अक्षरांच्या ओळी दिसत. एक उजेड ओळीओळीवरून सरकत जाई. दादाच्या उजव्या हाताची तर्जनी तेवढी हलत होती, तिच्याखाली दाराच्या घंटीसारखं एक बटण चिकटवलं होतं. हवी ती ओळ आली की दाबायचं, मग त्या ओळीतलं हवं ते अक्षर येईपर्यंत थांबायचं, पुन्हा दाबायचं. काना वेगळा, मात्रा वेगळी. एक “पाणी” लिहायचं तर तहान मरून जाईल.

तरी तो पुरं वाक्य लिहायचा. घरी आम्ही जसं बोलतो तसंच, पण पुरं, शेवटी पूर्णविराम देऊन. वहिनी कळवळायची. “अर्धं लिवलं तरी समजते आमाले. कायले एवढा जीव काढता?” दादा डोळ्यांनी हसायचा आणि पूर्णविराम शोधत बसायचा.

उन्हाळा लागला आणि कॉम्प्युटर दगा द्यायला लागला. धंद्याच्या काळातलं ते जुनं मशीन. दुपार झाली की आतला पंखा घुरघुरायला लागे, आवाज चढत जाई, आणि एकदम पडदा काळा. दुरुस्तीवाला येऊन पाहून गेला. म्हणाला, मशीन खराब नाही, तापलं की आपणच आपल्याला बंद करून घेतं, नाहीतर जळून जाईल. मग आम्ही त्याची आजाऱ्यासारखी सेवा सुरू केली. भिंतीपासून लांब ओढलं, बूड तापू नये म्हणून विटांवर ठेवलं. आतली धूळ रंगाच्या ब्रशनं झाडली. कूलरचा वारा लागू द्यायचा, पण सरळ अंगावर नाही, ओल आत शिरली तर सत्यानाश. पाण्याच्या बाटल्या फ्रीजमध्ये गोठवायच्या आणि पंख्यासमोर मांडायच्या. एवढं करूनही भर दुपारी ते टिकत नसे. ऊन उतरेपर्यंत दादा मुका. आम्हाला त्याची सवय होऊन गेली होती. दुपारी घरात कुणी त्याला काही विचारायचंच नाही.

त्या दिवशी मात्र दुपारीच विचारायची वेळ आली.

मी राजुऱ्याला शाळेत नोकरीला. सुट्ट्या होत्या म्हणून वहिनीच्या मदतीला येऊन राहिले होते. पहाटेपासून दादाचा श्वास उथळ झाला होता. गळ्याखालचा खळगा आत ओढला जायचा. गावातले डॉक्टर येऊन गेले आणि वहिनीला ओसरीत नेऊन बोलले. “छाती थकली आहे. आजच नागपूरला न्या. गळ्याला छिद्र पाडून श्वासाचं मशीन लावतील. नाही नेलं तर...” त्यांनी बॅग बंद केली. निघताना एवढंच म्हणाले, “मशीन लागलं की मग काढता येईल असं समजू नका.”

वहिनीनं चंद्रपूरला थोरल्या दादाला, भास्करदादाला, फोन केला. तो ॲम्ब्युलन्स घेऊनच आला. मोठा जीव लावणारा माणूस, पण थांबणं त्याच्या स्वभावात नाही. आल्या आल्या त्यानं कपडे भरायला सांगितले, पलंगाशी उभं राहून शालिकदादाच्या केसांतून हात फिरवला आणि म्हणाला, “काई भिऊ नको. मी आहो ना.”

मी म्हटलं, “दादा, त्याले विचारलं का आपण?”

“काय विचारायचं?”

“मशीन लावायचं की नाई ते.”

वहिनी पिशवी भरत होती. तिचा हात थांबला. खरं तर हा विषय त्या घरात एकदा येऊन गेला होता. थंडीत एकदा दादानं पडद्यावर लिहिलं होतं, मशीनबद्दल बोलायचं आहे. वहिनी उठून स्वयंपाकघरात गेली होती आणि नळ सोडून कितीतरी वेळ उभी राहिली होती. दादानं पुन्हा तो विषय काढला नाही. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. तो गेला की त्या घरात ती एकटी, एवढं ढळढळीत सत्य होतं ते.

“विचारायचं काय त्यात?” भास्करदादा म्हणाला. “मरू का म्हणून कोणी विचारते का माणसाले?”

“तरी विचारू. त्याचा जीव आहे.”

शालिकदादा आमच्याकडं पाहत होता. मी बटणावर त्याचं बोट नीट ठेवलं आणि कॉम्प्युटर चालू केला. पडदा उजळला, अक्षरांच्या ओळी आल्या, उजेड सरकायला लागला. पहिल्या अक्षरावर तो पोचतो न पोचतो तोच घुरघुर वाढली आणि सगळं काळं झालं. खोलीच तापलेली, त्यात मशीन काय करणार!

मी फ्रीज उघडला. लाइट गेल्यापासून आत बर्फाचं पाणी होत चाललं होतं, तरी दोन बाटल्या अजून अर्ध्या गोठलेल्या होत्या. त्या पंख्यासमोर ठेवल्या. खिडकीला ओली चादर बांधली. वहीच्या पुठ्ठ्यानं मशीनच्या उघड्या अंगाला वारा घालत बसले.

“अवं, त्या डब्ब्याले कायले वारा घालून राहिली?” भास्करदादाचा आवाज फाटला. “इथं माणूस चालला आहे!”

“थंड झाल्याशिवाय ते चालू होत नाई.”

“मंग राहू दे बंद!”

बाहेर ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरनं हॉर्न दिला. त्याची गाडी उन्हात उभी होती, आतला पत्रा तापत होता. वहिनी दादाचा घाम टिपत होती, पदर ओला करून पुन्हा पुन्हा त्याच्या कपाळावर ठेवत होती. ती पंखा त्याच्याकडं फिरवायची, तो डोळ्यांनी मला खुणावायचा, मी परत मशीनकडं फिरवायचे. असं किती वेळ चाललं कुणास ठाऊक. तिची काही चूक नव्हती. तिला त्याचं अंग भाजताना दिसत होतं.

मी मशीनच्या पाठीला हात लावून पाहिला. थोडं निवल्यासारखं वाटलं. बटण दाबलं. पडदा आला. या वेळी घुरघुर बेताची होती.

“लिही दादा,” मी म्हटलं. “काय पायजे ते लिही. आम्ही आहो.”

उजेड सरकत होता. दादाचं बोट थरथरलं. म. आम्ही तिघं पडद्यापाशी जमलो. ल. मात्रा. “मले,” भास्करदादा पुटपुटला. उजेड पुन्हा वरून सुरू झाला. एक जागा सुटली. मशीनचा आवाज चढायला लागला. मी पुठ्ठा जोरजोरानं हलवायला लागले. न. वहिनीनं माझा दंड धरला होता, तिची नखं रुतत होती. मात्रा.

पडद्यावर होतं: मले ने

आणि पडदा काळा झाला.

“झालं!” भास्करदादा मोठ्यानं म्हणाला. “मले ने म्हणते तो! आयकलं नलू? तुले विचारायचं होतं ना? विचारलं. चला, धरा.”

वहिनी खाली बसली आणि रडायला लागली. “मले मालूम होतं,” ती म्हणत होती, “मले मालूम होतं, ते असे सोडून नाई जायचे.”

“थांबा,” मी म्हटलं. “पूर्णविराम नाई आला. तो अर्धं कधी सोडते का? अजून लिवायचं असंल त्याले.”

“काय लिवायचं असंल? ‘मले ने’च्या पुढं काय असते?”

मी दादाच्या तोंडाशी वाकले. “दादा, नागपूरले जायचं आहे का? हो असंल तर डोळे मीट.”

घाम त्याच्या भुवयांवरून डोळ्यांत उतरत होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं, पापण्या फडफडल्या आणि डोळे मिटले. मी वाट पाहिली. ते मिटलेलेच राहिले. तो हो म्हणाला, का डोळ्यांत मीठ गेलं, का थकून त्यानं आमचा नादच सोडला, मला काही सांगता येईना.

“पाह्य,” वहिनी म्हणाली. “मिटले ना?”

चादरीच्या झोळीत घालून त्याला बाहेर नेलं. उंबऱ्यातून निघताना उन्हाचा झोत तोंडावर आला तसा तो एकदम आक्रसला. मी आपली ओढणी त्याच्या तोंडावर धरली. ॲम्ब्युलन्सचं दार लागलं. मी मागं राहिले, घर बंद करायला. आत येऊन पाहिलं तर पंखा अजून त्या काळ्या पडद्याला वारा घालत होता.

तो वाचला. वाटेत वरोऱ्याच्या पुढं त्याचा श्वास जवळजवळ थांबला होता, पण नागपूरला पोचला. गळ्याला छिद्र पाडलं, नळी घातली, मशीन लावलं. बरेच दिवस काचेच्या खोलीत ठेवून मग त्याला वेगळ्या खोलीत आणलं. तिथं भास्करदादानं कॉम्प्युटर आणून दिला. बल्लारपूरपासून सगळ्या वाटेत तो मांडीवर घेऊन बसला होता, खड्ड्यांचा दणका बसू नये म्हणून. कोणाला सांगितलं नाही त्यानं, ड्रायव्हरकडून कळलं.

त्या खोलीत ए.सी. होता. मशीन कधी तापलं नाही, कधी बंद पडलं नाही. दादानं तिथं पहिलं वाक्य लिहिलं, “मले थंडी वाजून राहिली.” वहिनी हसता हसता रडली आणि तिनं त्याच्या पायांत मोजे चढवले.

पण तो बरा नव्हता. होणारही नव्हता. रात्रंदिवस श्वासाच्या मशीनचा तो सुस्कारा, नळीतला कफ ओढताना त्याचं अंग कसं ताठ व्हायचं, ते पाहवत नसे. पाठीला जखमा झाल्या. वहिनी त्याच्यापासून हलत नव्हती. खाली बाकड्यावर झोपायची, केस विंचरायचीही शुद्ध नव्हती तिला. येईल त्याला सांगायची, “मी नाई आणलं त्यांना. ते सोता म्हणाले, मले ने म्हणून. शेवटचं तेवढंच लिवलं त्यांनी.” हे सांगताना ती त्याच्याकडं पाहायची. दादा छताकडं पाहायचा.

शाळा सुरू झाली होती. एका रविवारी मी गेले. वहिनीला म्हटलं, खाली जाऊन चहा पिऊन ये, माझ्यासाठीही आण, मी बसते. ती गेली. मी दादाच्या उशाशी बसले. जे मनात होतं तेच तोंडातून निघालं.

“दादा, त्या दिवशी तुले काय लिवायचं होतं?”

त्यानं दाराकडं पाहिलं. दार लोटलेलं होतं. मग बोट हललं. थंड खोलीत कॉम्प्युटर नुसता गुणगुणत होता, काही घाई नव्हती. अक्षरं एकेक करून येत गेली आणि पुढं काय येणार ते मला आधीच कळत गेलं.

मले नेऊ नका

मी त्याचा हात धरला. त्याचे डोळे कोरडे होते. त्याला मला दोष द्यायचा नव्हता की कोणालाच. विचारलं म्हणून त्यानं सांगितलं.

तेवढ्यात जिन्याकडून पावलांचा आवाज आला. दादाचे डोळे मोठे झाले. तो माझ्याकडं पाहायला लागला, मग पडद्याकडं. मला वाटलं, पडदा बंद कर म्हणतो आहे. मी हात पुढं केला, तर त्यानं दोनदा पापण्या मिटल्या. नको. त्याचं बोट बटणावर गेलं. खोडायचं चिन्ह अगदी तळाच्या ओळीत, सगळ्यात शेवटी होतं. उजेड सगळ्या ओळी उतरून तिथं पोचायचा तेव्हा एक अक्षर जायचं. मग पुन्हा वरून. काना गेला. क गेला. कपाळावर घाम आला त्याच्या, त्या थंडगार खोलीत. न गेला. मधली जागा गेली. बोट दुखत होतं त्याचं, मला दिसत होतं. नखापाशी ते पांढरं पडलं होतं. मी मदत केली नाही. त्याला ती नको होती. ऊ गेला.

मग त्यानं पूर्णविराम शोधला आणि दिला.

दार ढकलून वहिनी आत आली. दोन कागदी कप हातात, चहा निवलेला. “काय लिवलं?” तिनं विचारलं.

“त्या दिवशीचंच,” मी म्हटलं. “मी विचारलं होतं, म्हणून.”

तिनं वाकून वाचलं. “मले ने.” मोठ्यानं वाचलं. मग बोटानं तो पूर्णविराम पुसल्यासारखं केलं, जणू काचेवर धूळ होती. “मी सांगत होती ना तुले,” ती म्हणाली आणि त्याच्या कपाळावरचा घाम टिपायला लागली.

पोळ्याच्या सुमाराला तो गेला. तोवर बोटही गेलं होतं. कॉम्प्युटर होता तिथंच, पण शेवटचे कितीतरी दिवस पडद्यावर एक अक्षर उमटलं नाही. वहिनी बल्लारपूरला परत आली. शिवणाचं मशीन घेऊन त्याच खोलीत बसायला लागली.

मी ते कोणाला सांगितलं नाही. सांगायचं कोणाला आणि कायले? तो पूर्णविराम दादानं दिला होता.

वर्षं गेली. गेल्या साली भास्करदादा आजारी पडला. फुप्फुसं गेली. चंद्रपूरच्या दवाखान्यात त्याला ठेवलं होतं, श्वास धापा टाकत चालू होता, पण बोलता येत होतं. त्याचा मुलगा सुधाकर डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आला, डोळे लाल. म्हणाला, “मशीन लावावं लागंल म्हणतात. सही मागतात. मी देऊन टाकतो, काकू.”

वहिनी माझ्याशेजारी बाकावर बसली होती. आता केस पूर्ण पांढरे झालेले, मान थोडी हलायला लागलेली. ती उठली आणि सुधाकरचा हात धरला.

“आधी त्यांना विचार,” ती म्हणाली. “जाय आत. आणि पुरं बोलू दे त्यांना. मधात बोलू नको, अंदाज लावू नको. किती का वेळ लागंना.”

सुधाकर आत गेला. दार अर्धवट उघडं राहिलं. वहिनी परत येऊन बसली. मी तिच्याकडं पाहत होते. तिनं पाहिलं नाही माझ्याकडं, समोरच्या भिंतीकडं पाहत म्हणाली,

“मी दारातच होती नलू, त्या दिवशी. फटीतून पडदा दिसत होता.”

मला कळायला वेळ लागला. “कधीपासून?”

“पुरं होतं तवापासून. वरच्या पायरीपर्यंत परत गेली अन् पाय वाजवत आली.”

“वहिनी...”

“मंग त्यांनी खोडायले घेतलं. मी बाहेर उभी. हातातला चहा थंडा झाला.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “एक एक अक्षर. एवढ्या जिवावर उदार होऊन खोडलं तुझ्या दादानं माझ्यासाठी. मले वाटलं, आता मी वाचलं म्हणून सांगितलं तर त्यांचे सारे कष्ट वाया जातीन. म्हणून नाई वाचलं. आत्तापर्यंत नाई वाचलं.”

मी तिचा हात हातात घेतला. तो थंड होता. आतून भास्करदादाचा आवाज यायला लागला, तुटत तुटत, मध्ये दम घेत. सुधाकर गप्प होता. आम्ही दोघी बाकावर बसून ऐकत राहिलो.